मुलांचा सायकल ट्रेलर, दीड वर्षानंतर: बाकी सगळं बरं, पण कपलिंग!

दीड वर्ष वापरून लिहितेय. दोन मुलं बसतील असा कापडी ट्रेलर, २० इंची चाकं, ४५ किलोची मर्यादा, घडी होणारा. माहितीपत्रकात जे असतं ते सगळं याच्यात आहे, ते पुन्हा लिहीत नाही. साडेबावीस हजारांना पडला. एवढ्यात चांगली जुनी स्कूटर आली असती, हे सासर-माहेर दोन्हीकडच्यांनी ऐकवून झालंय. ट्रेलर चांगला आहे. तो सायकलला जोडणारं मुठीएवढं कपलिंग मात्र भिकार निघालं, आणि मी जास्त त्याच्याबद्दलच लिहिणार आहे. सीट किती मऊ नि रंग कुठला, हे विकणारे सांगतातच.

मेच्या शेवटी एका रविवारी सकाळी सांगलीत विश्रामबागहून इनाम धामणीच्या रस्त्याला लागलो होतो. मागे थोरली आणि धाकटा भडंगाच्या डब्यावरून भांडत होते. पॅडल मारलं की मागून हिसका, पाय थांबवला की पुढे ढकल. थोडा हिसका प्रत्येक ट्रेलरला असतो, पायांना सवय होते. हा मात्र वाढत चालला होता. उतरून पाहिलं. सायकलच्या मागच्या चाकाच्या एक्सलवर, म्हणजे आसावर, बसणारी लोखंडी पट्टी आणि ट्रेलरचा दांडा यांच्यामध्ये रबराची एक मान असते. सायकल आडवी पडली तरी ट्रेलर उभा राहतो तो या लवचिक मानेमुळे. ती पाऊणहून जास्त चिरली होती. उरलेल्या रबरावर तीस किलोंची पोरं आणि अकरा किलोंचा ट्रेलर ओढला जात होता.

कपलिंगसोबत एक पट्टा येतो. दांड्यापासून निघून सायकलच्या मागच्या नळीला वळसा घालून परत दांड्याला अडकवायचा. कपलिंग तुटलंच तर ट्रेलर सुटून जाऊ नये म्हणून. लावायला अर्धं मिनिट लागतं, पावसाळ्यात बोटं काळी होतात, आणि रोज लावताना हा कशाला असं वाटतं. लावाच. आण्णा, म्हणजे माझे सासरे, स्कूटरवरून येऊन पोरांना घेऊन गेले. मी रिकामा ट्रेलर त्या पट्ट्याच्या भरवशावर सायकलमागे घेऊन पायी घरी आणला.

मग विकणाऱ्याला फोन. वॉरंटी एक वर्षाची, ती संपलेली. ठीक, कबूल. रबर विकत द्या म्हटलं तर, "मॅडम, रबर सुटं येत नाही, पूर्ण दांडा घ्यावा लागेल." दांडा ६,८०० रुपये, कुरिअर वेगळं. दांड्याला ओरखडासुद्धा नाही, तरी दांडा घ्या! फोटो पाठवले. उत्तर आलं, रबर उन्हानं गेलंय, तुम्ही ट्रेलर उन्हात ठेवलात. ट्रेलर आमच्या पार्किंगमध्ये पत्र्याखाली असतो. आणि समजा उन्हात ठेवला, तर सायकलला लावायची वस्तू उन्हात नाही जाणार तर कुठे जाणार? सांगलीत एप्रिल-मे कसा असतो हे मुंबईत बसून कळत नसेल, पण इथला पत्ता बघूनच तर माल पाठवला होता.

पुस्तिकेत एक ओळ आहे, की दर वेळी निघण्याआधी कपलिंग तपासावं. कसं तपासायचं ते दिलेलं नाही. मी सांगते. सरळ उभ्या रबरावर चीर दिसत नाही, मिटून राहते. दांडा हातात धरून मान दोन्हीकडे पूर्ण वाकवायची आणि ताणलेल्या बाजूला नख फिरवायचं. चीर असेल तर नख अडकतं.

आण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यामुळे वस्तू बिघडली की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांचं म्हणणं, कुपवाड एमआयडीसीत त्यांच्या ओळखीचा टर्नर आहे, पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या चिवट प्लास्टिकचा, तुकडा लेथवर हुबेहूब काढून देईल, चारशे रुपये. चारशे आणि ६,८००. माझा जीव किती खालीवर झाला ते माझं मला माहीत. पण हे रबर एकाच वेळी ओढलंही जातं, वाकतंही आणि पिळलंही जातं. मूळ भागात ते धातूच्या तुकड्यांवर चिकटवून साच्यात ओतलेलं होतं. लेथवर काढलेल्या तुकड्याला भोकं पाडून बोल्ट घालायचे, म्हणजे फाटायला सुरुवात त्या भोकांपासूनच. मी म्हटलं, "आण्णा, यात पोरं बसणारेत." तर म्हणाले, "मग माझ्या गाड्यांत काय बटाटे बसायचे?" तरी तुकडा करून आणलाच. व्हाइसमध्ये धरून दांड्यानं पिळला, दोन-चारदा उलटसुलट केला, आणि न बोलता खिडकीत ठेवून दिला. अजून तिथेच आहे, आता त्याच्यावर उदबत्तीचं घर असतं.

नवीन घेणाऱ्यांसाठी याच कपलिंगचं दुसरं टोक, म्हणजे एक्सल. हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी नडलं होतं. बाहेरच्या देशांतल्या व्हिडिओंत क्विक रिलीज, म्हणजे चाकाची हातानं उघडणारी खिट्टी, सोडतात, पट्टी घालतात, झालं. आपल्याकडच्या बहुतेक साध्या आणि मधल्या किमतीच्या सायकलींना भरीव एक्सल आणि दोन बाजूंना नट. माझ्या सायकलला डाव्या बाजूला त्या एकाच नटाखाली मडगार्डची काडी, कॅरिअरचा पाय आणि स्टँडची पट्टी आधीच होती. वर ट्रेलरची जाड पट्टी आली, तेव्हा नटाला एक्सलचे जेमतेम तीन आटे मिळाले. मिस्त्री म्हणाले, "बसतंय की ताई." बसतंय, पण नट पूर्ण बसून एक्सलचं टोक बाहेर डोकावायला हवं. एरवी मागचं चाक आणि ट्रेलर दोन्ही त्या तीन आट्यांच्या भरवशावर.

उपाय स्वस्तात झाला, म्हणून सांगते. स्टँड काढून फ्रेमच्या नळीवर बसणारा घेतला. कॅरिअरचे पाय फ्रेमला असलेल्या वेगळ्या भोकांत स्क्रूनं बसवले. ती भोकं बऱ्याच सायकलींना असतात, कुणी वापरत नाही. आणि लांब एक्सल टाकला. इथे जपा. जुन्या काळ्या सायकलीचा एक्सल दिसायला तसाच असतो, पण आटे वेगळे, बेअरिंग धरणारे कोन-नट त्याच्यावर फिरत नाहीत. गिअरच्या सायकलीचाच लागतो. मिस्त्रींकडच्या भंगारात मिळाला, मजुरीसकट अडीचशे. डिस्क ब्रेक असेल तर आणखी एक बघा, ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे चकतीला चिमटा घेणारा भाग, डावीकडेच असतं आणि कपलिंगही डावीकडेच बसतं. पट्टी त्याला घासते का, हे ट्रेलर मागवण्याआधी पुठ्ठ्याचा तुकडा कापून पाहता येतं. जोडल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर पंधराचा पाना घेऊन नट पुन्हा आवळायचा, पट्टी बसते तसा तो ढिला होतो.

आता बाकीचं भराभर. सांगली सपाट आहे, ट्रेलर ओढायला याहून चांगलं गाव नाही. मिरजेकडे जाताना कृपामयीजवळचा रेल्वेपूल हाच काय तो चढ, तिथे मी उतरून ढकलते. उतरताना जास्त जपावं लागतं. ट्रेलरला ब्रेक नाही, सगळं वजन तुमच्या सायकलच्या ब्रेकवर येतं. रबरी गुट्टे माझे एका वर्षात दोनदा बदलून झाले. स्प्रिंग सस्पेन्शनवाला ट्रेलर दहा-बारा हजारांनी महाग होता, तो घेतला नाही. टायरमध्ये हवा जरा कमी ठेवली की बरंचसं काम होतं, मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते, तिच्या खालच्या आकड्याजवळ राहायचं. टायरचा आकार २० x १.७५. सुटा टायर घेताना दुकानदार २० x १ ३/८ देईल, "वीस म्हणजे वीसच" म्हणेल. नाही बसत. रिमवर बसणारा व्यास एकाचा ४०६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ४५१. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा आहे, पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

वर्षाच्या आतलं बाळ यात नको, मानेला हिसके सोसत नाहीत. आम्ही धाकट्याचा पहिला वाढदिवस होईपर्यंत फक्त थोरलीला नेत होतो. हेल्मेट आत बसलं तरी लागतंच. उन्हाळ्यात पुढचं प्लास्टिक गुंडाळून फक्त जाळी ठेवायची, नाहीतर आत भट्टी होते. मुलं बसतात ती उंची बरोबर गाड्यांच्या धुराची असते. म्हणून शंभर फुटी रस्ता आणि बाजार टाळते, सकाळी धामणी नाहीतर हरिपूरच्या बाजूला. ऊस चालू झाला की संध्याकाळी धामणीचाही रस्ता बंद, माझ्यापुरता. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, कडेनं ऊस बाहेर आलेला आणि गाणी अशी मोठ्यानं की हॉर्न कुणाला ऐकू जात नाही. कृष्णेला पाणी चढायला लागलं की हरिपूरही बंद. कुत्री सायकलला सोडतात, ट्रेलरला सोडत नाहीत. आणि दर सिग्नलला, "कितीला बसली?"

रुंदी ऐंशी सेंटिमीटर. सायकल खड्डा चुकवते, ट्रेलरचं चाक त्यातच जातं, हे पाठ व्हायला थोडे दिवस जातात. खड्डा दोन चाकांच्या मधून काढायचा, किंवा थांबायचं. वळताना ट्रेलर आतून कापतो, फुटपाथच्या कडेवर चाक चढलं की कलंडू शकतो, म्हणून वळणावर चालण्याचाच वेग. एकटं मूल असेल तर मी डावीकडे बसवते. रस्त्याची तुटलेली कड आणि दगड डावीकडेच येतात, त्या चाकावर वजन असलं की ते सहज उचललं जात नाही. पुस्तिकेतलं चित्र उजवीकडे बसवायचं आहे, पण ते रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठी. ट्रेलर लांबून दिसावा म्हणून लावायच्या झेंड्याचंही तेच. झेंड्याची खोबणी डाव्या बाजूला शिवलेली आहे. तिथे तो बाभळीच्या फांद्या मोजत जातो, आणि उजवीकडून घासून जाणाऱ्या डंपरला आपण किती रुंद आहोत ते कळतच नाही. भारतात विकताना एक खोबणी दुसऱ्या बाजूला शिवायला कितीसा खर्च येतो? मी शिंप्याकडून तीस रुपयांत करून घेतली.

इथपर्यंत जूनमध्ये लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन तारे द्यायचे ठरवले होते. मग पोरांनी डोकं खाल्लं आणि शेवटी तो ६,८०० चा दांडा मागवलाच. खोकं उघडलं तर आत रबरच नाही. मानेच्या जागी जाड पोलादी स्प्रिंग, वर प्लास्टिकची नळी. भोकं तीच, पट्टी तीच, पिन तीच. म्हणजे कंपनीनं भाग बदललाय, आणि जुनं रबर टिकत नाही हे कळल्याशिवाय कुणी बदलत नाही. विकणाऱ्याला हे फोनवर विचारलं तर म्हणाला, "ते वरून येतं तसं आम्ही देतो मॅडम." मग जुन्या ग्राहकांना अर्ध्या किमतीत तरी द्या म्हटलं. मेल करा म्हणाला. मेल केलाय.

पण खरं तेही लिहायला हवं. नव्या दांड्यानं हिसका जवळजवळ गेलाच. इतके दिवस मी जो ट्रेलरचा स्वभाव समजत होते, तो बराचसा त्या रबराचा होता. आता पॅडल मारताना मागे काही आहे हे फक्त चढावर कळतं. आण्णांनी स्प्रिंग वाकवून पाहिली आणि "हां, आता झालं गाडीचं काम" एवढं म्हणाले, म्हणजे पास. म्हणून तारे चार करतेय. एक कापलाय तो ६,८०० चा.

घेणार असाल तर पैसे भरण्याआधी कपलिंगचा फोटो मागवा, खोक्यावरचा नाही, हातात धरून काढलेला. रबर दिसलं तर तो माल घेऊ नका, कितीही सूट असली तरी. सुटे भाग काय काय मिळतात ते लेखी विचारा. आणि मूल चारच्या पुढे असेल तर घेऊच नका. आमची थोरली आता पाचची, हेल्मेट छताला टेकायला लागलंय, दिवाळीपर्यंत तिला स्वतःची सायकल घ्यावी लागेल. मग धाकट्याच्या शेजारची जागा शिवाजी मंडईतल्या भाजीला. दहा किलो कांदे सहज बसतात, पाहिलंय बसवून.