एमडीएडीएमवरील मिरर: एक डिस्क गेल्यानंतरचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्याचे हिशेब, ड्रॉइंग आणि मालाच्या नोंदी ज्या सर्व्हरवर राहतात, त्यात २ टीबीच्या दोन डिस्क असून त्या डेबियन लिनक्सवरील एमडीएडीएम या डिस्क जोडणाऱ्या प्रोग्रामने रेड १ पद्धतीने, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर राहील अशा मिररमध्ये, जोडलेल्या आहेत. बरेच महिने या व्यवस्थेबद्दल सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि सर्व्हरसाठी याहून मोठी पावती नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा वीज जाऊन आली, त्यानंतर मात्र सर्व्हर सुरू होईना. पडद्यावर बूट करण्याजोगी डिस्क सापडत नसल्याचा संदेश होता आणि पहिली डिस्क फर्मवेअरच्या (मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रामच्या) यादीतूनच नाहीशी झाली होती.

दुसरी डिस्क धडधाकट होती, तिच्यावर सगळी माहिती होती, तरीही सर्व्हर उठला नाही, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. यूईएफआय या नव्या पद्धतीचे मशीन सुरू होताना फर्मवेअर आधी ईएफआय पार्टिशन, म्हणजे डिस्कचा बूटसाठी राखलेला भाग, शोधते. हे छोटे पार्टिशन फॅट ३२ चे असते आणि फर्मवेअरला लिनक्सचे रेड कळत नसल्यामुळे ते सहसा मिररच्या बाहेर ठेवले जाते. इन्स्टॉलरने बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा ग्रब हा प्रोग्राम, पहिल्या डिस्कवर टाकला होता. दुसऱ्या डिस्कवर तेवढ्याच आकाराचे पार्टिशन होते, पण रिकामे. जुन्या बायोसच्या मशीनवरही अडचण याच जातीची असते, फक्त तिथे ग्रब डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागात बसतो आणि तो दोन्ही डिस्कवर स्वतंत्रपणे टाकावा लागतो.

दुरुस्तीसाठी ज्यावरून लिनक्स थेट चालते अशा लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केले. ते यूईएफआय पद्धतीनेच सुरू करणे आवश्यक आहे, अन्यथा ग्रबला फर्मवेअरमध्ये नोंद करता येत नाही. मिरर तिथे निष्क्रिय अवस्थेत दिसला, आणि पाहणाऱ्याचा धीर सुटावा असेच ते दृश्य असते. वस्तुतः त्यात बिघाड नसतो: उरलेल्या डिस्कवरच्या शेवटच्या नोंदीनुसार दोन्ही डिस्क हजर असतात, त्यामुळे दुसरीची वाट न पाहता एकटीने सुरू व्हावे की नाही, याबद्दल यंत्रणा सावधगिरी बाळगते. एमडीएडीएमला ‘रन’ हा पर्याय देऊन हुकूम सोडला की मिरर एका डिस्कवर चालू होतो. त्याचे नाव बदलून एमडी१२७ झालेले आढळते, त्याचीही काळजी नको. या टप्प्यावर चुकूनही नवा मिरर ‘तयार’ करण्याची आज्ञा देऊ नये. जुना ‘जोडण्याची’ आज्ञा वेगळी आहे आणि हाताशी असलेली एकमेव प्रत या फरकावर टिकून असते.

पुढचे काम सरळ होते. मूळ फाइल सिस्टिम माउंट करून सीएचरूटने (पेनड्राइव्हवरून सर्व्हरच्या स्वतःच्या लिनक्समध्ये शिरण्याच्या आज्ञेने) आत गेल्यावर दुसऱ्या डिस्कवरील रिकामे पार्टिशन फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केले, बूट-ईएफआय फोल्डरच्या जागी माउंट केले आणि ग्रब इन्स्टॉल केला. सुरुवातीला कोणती पार्टिशन माउंट करायची याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमधील जुन्या ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलायला विसरू नये, कारण तो तसाच राहिला तर लिनक्सच्या सेवा सुरू करणारी सिस्टिमडी ९० सेकंद गेलेल्या डिस्कची वाट पाहते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडते. त्या ओळीत ‘नोफेल’ लिहून ठेवले की ही अडवणूक कायमची टळते.

महात्मा गांधी रोडवरून नवी डिस्क आणून बसवताना खरी जोखीम पार्टिशनचा नकाशा उतरवून घेण्यात आहे. हा नकाशा उतरवणाऱ्या एसजीडिस्कच्या आज्ञेत आधी नव्या डिस्कचे नाव येते आणि नंतर जुन्या डिस्कचे. क्रम उलटला तर भरलेल्या डिस्कवर कोरा नकाशा बसतो. शिवाय डिस्क काढल्या-घातल्यावर लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे बदलतात, म्हणून स्टिकरवरचा सीरियल नंबर बाय-आयडी फोल्डरमधील नावाशी ताडून पाहणेच श्रेयस्कर. मिररची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅट फाइलमध्ये चौकटी कंसात चालू डिस्कसाठी एक यू आणि गेलेल्या डिस्कच्या जागी खालची रेघ दिसते. नवी डिस्क जोडल्यावर त्याखाली टक्केवारी सरकू लागते. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने २ टीबीला पावणेचार तास लागतात, काम चालू असल्यास अधिक. या काळात कार्यालय बंद ठेवण्याची गरज पडली नाही, हे एमडीएडीएमच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

डिस्क जोडण्याचे काम स्वतःच करणारे रेड कार्ड घ्यावे का, असा प्रश्न नंतर साहजिकच निघाला. माझे मत एमडीएडीएमकडेच झुकते, कारण कार्ड बिघडले तर बहुधा त्याच जातीचे कार्ड शोधत फिरावे लागते, आणि एमडीएडीएमची डिस्क कोणत्याही लिनक्स मशीनवर लावून वाचता येते. बूटलोडरची जबाबदारी ते घेत नाही, ही उणीव मात्र खरीच आहे. आता दोन्ही डिस्कवर ईएफआय पार्टिशन भरलेले असून ग्रबचे अपडेट आल्यावर एक छोटी स्क्रिप्ट एकातील फाइली दुसऱ्यात उतरवते. बिघाडाची सूचना ईमेलने येते, आणि ती येते की नाही हे एमडीएडीएमच्या ‘टेस्ट’ पर्यायाने पाहून घेतले आहे. मिररमुळे बॅकअपची गरज संपत नाही, कारण पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. रोजचा बॅकअप पूर्वीसारखाच वेगळ्या मशीनवर जातो.

डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर दोन्ही प्रती पडताळून पाहते. ही तपासणी रात्रीच्या बॅकअपशी धडकून सकाळच्या पाळीपर्यंत रेंगाळत असे. आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असल्याने ती शनिवारी सकाळी आणून ठेवली आहे.