लंडनचा ‘ज्यूइश बुक वीक’ की इस्रायलचा हिब्रू ग्रंथसप्ताह?

ज्यू साहित्योत्सवाला एकदा जाऊन यायचं मनात असेल, तर दोन जुनी नावं समोर येतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लंडनमध्ये होणारा ‘ज्यूइश बुक वीक’ आणि जूनमध्ये इस्रायलच्या शहराशहरांत भरणारा हिब्रू ग्रंथसप्ताह. नावं सारखी वाटली तरी प्रकार अगदी वेगळे आहेत. लंडनला ऐकायला जायचं, तेल अवीवला पुस्तकं घ्यायला. एवढं एक लक्षात ठेवलं की निम्मा घोळ मिटतो.

लंडनचा उत्सव १९५२ पासूनचा. गेली बरीच वर्षं तो किंग्ज क्रॉस स्टेशनजवळच्या ‘किंग्ज प्लेस’मध्ये होतो. एक लेखक, एक मुलाखतकार, शेवटी श्रोत्यांचे प्रश्न आणि बाहेर सहीसाठी रांग, अशी साधारण रीत. सगळं इंग्रजीत. मुख्य सभागृहात चारशेवर खुर्च्या आहेत आणि आतलं सगळं लाकूडकाम पाचशे वर्षांच्या एकाच ओक वृक्षाचं, असं तिथले लोक कौतुकाने सांगतात. सभागृह मुळात संगीतासाठी बांधलेलं, त्यामुळे मागच्या रांगेतही शब्द न् शब्द पोचतो. इतिहास, चरित्र, कादंबरी, राजकारण, विज्ञान, स्वयंपाक, काहीही वर्ज्य नाही, आणि बोलणारा ज्यू असलाच पाहिजे असंही नाही. ब्रिटनमध्ये ज्यू विषयांवरच्या पुस्तकांसाठी १९७७ पासून विंगेट पुरस्कार दिला जातो. २००३ साली तो ब्रिटिश कादंबरीकार झेडी स्मिथ यांना मिळाला, आणि त्या ज्यू नाहीत. या वर्तुळाचा मोकळेपणा यावरून कळावा. उत्सवातले वादही ऐकण्यासारखे असतात. इस्रायलच्या धोरणांवर ज्यू मंडळींचे आपसात किती टोकाचे मतभेद आहेत, हे बातम्यांतून कळत नाही, इथल्या प्रश्नोत्तरांत कळतं.

खर्चाकडे मात्र लक्ष हवं. प्रत्येक सत्राचं तिकीट वेगळं, आणि नावाजलेल्या लेखकांची सत्रं आधीच भरतात. कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली की लगेच तिकिटं काढून टाकावीत.

हिब्रू ग्रंथसप्ताहाला तिकीटच नाही. १९२६ साली ब्राखा पेली या प्रकाशिकेने तेल अवीवच्या रॉथशील्ड बुलेवारवर पुस्तकांची टेबलं मांडली, तिथून याची सुरुवात. आता नावापुरता सप्ताह, भरतो दहाएक दिवस. उन्हं उतरल्यावर उघड्यावर टेबलं लागतात, प्रकाशक सवलती देतात, लेखक आपापल्या प्रकाशकाच्या टेबलापाशी बसून सह्या करतात आणि पोराबाळांसह कुटुंबं रात्री उशिरापर्यंत फिरत राहतात. आपल्या साहित्य संमेलनातून मांडव आणि भाषणं वगळून फक्त ग्रंथप्रदर्शन ठेवलं तर जे उरेल, साधारण तेच. सवलती हा तिथे फार नाजूक विषय. नव्या पुस्तकांवर सूट देण्याला बंधन घालणारा कायदा २०१४ मध्ये लागू झाला आणि दोनच वर्षांत रद्द करावा लागला.

अडचण एकच, पण मोठी. हिब्रू वाचता येत नसेल तर तासाभरात तुम्ही नुसती मुखपृष्ठं बघत हिंडाल. म्हणून ज्याला फक्त मराठी-इंग्रजी येतं त्याने बेलाशक लंडन धरावं. इस्रायलमध्ये मे महिन्यात जेरुसलेमला मिश्केनोत शाननीम इथे होणारा आंतरराष्ट्रीय लेखक महोत्सव हा मधला मार्ग आहे. २००८ पासून चालू आहे, परदेशी लेखक येतात आणि इंग्रजीवर निभावतं. जागा तर फारच देखणी: १८६० मधली दगडी वसाहत, शेजारी पवनचक्की, समोर जुन्या शहराची तटबंदी.

कोकणातल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, ओढीने जाणाऱ्यांचं गणित निराळं. या समाजाची माणसं लोद, रामला, अश्दोद, दिमोना अशा गावांत आहेत, आणि अजून मराठी बोलणारी आजी-आजोबांची पिढी तिथे भेटते. तुमचे तिथे आप्त किंवा स्नेही असतील तर मी जूनच निवडेन. ग्रंथसप्ताहाला त्यांच्यासोबत गेलात तर हिब्रूची अडचणही बरीच कमी होते. याच समाजासाठी पुण्यात १८७४ साली मराठी भाषांतरासह हगादा छापली गेली होती. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरोघर वाचायचं ते पुस्तक. तिच्यातल्या चित्रांत बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडी नेसलेल्या आहेत. असल्या गोष्टींत रस असेल तर जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी एक दिवस राखून ठेवा. २०२३ पासून ते नव्या इमारतीत आहे.

दोन्हीकडे शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळतात, तेव्हा शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ रिकामी धरा. व्हिसा दोन्हीकडे लागतो. इस्रायलचं विमानाचं तिकीट मात्र तारीख बदलता येईल असंच काढा, तिथली परिस्थिती बिघडली तर कार्यक्रम ऐन वेळी पुढे जाऊ शकतो.