‘फौजींचा सगळा टॅक्स परत मिळतो’

जुलै 2023. पोस्टिंग कुपवाड्याला. नेटवर्क आलं तर घरी बोलायचं की इन्कम टॅक्स बघायचा? अशात पलटणीतूनच रिटायर झालेल्या एका उस्तादांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : ‘फौजींना कायदा वेगळा आहे. कापलेला सगळा टॅक्स परत मिळतो. फॉर्म 16 पाठवा.’ रिफंड आला की त्यातले 20 टक्के त्यांचे, आधी एक रुपया द्यायचा नाही.

माणूस आपल्यातला. मी फॉर्म 16 (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला), पॅन, पासवर्ड सगळं पाठवलं. ओटीपीसुद्धा फोनवर सांगितला. महिनाभरात खात्यात 46,280 रुपये आले. त्यातले 9,256 मी त्यांना जीपे केले, वर ‘थँक्यू उस्ताद’ लिहिलं. आणखी चार पोरांना त्यांचा नंबर दिला तो मीच.

जुलै 2025 मध्ये बातमी वाचली की खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढणाऱ्यांवर इन्कम टॅक्सने देशभरात 150 ठिकाणी धाडी घातल्या. पोटात गोळा आला. गणपतीला सुट्टीवर आलो आणि आरतीच्या दुसऱ्या दिवशी साताऱ्यात एका सीए मॅडमकडे गेलो. माझ्या पासवर्डने लॉगिन होईना. आधारच्या ओटीपीवर नवा पासवर्ड केला, तेव्हा आत ईमेल भलताच निघाला. मोबाईल नंबरही माझा नव्हता. खात्याने काही कळवलं असेल, तर ते मला कधी कळणारच नव्हतं.

मॅडमनी रिटर्न उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘मेजर, तुम्ही राजकीय पक्षाला 90,000 रुपये देणगी दिलीय?’’

(मी हवालदार, पण आमच्याकडे फौजी म्हटला की मेजरच.)

पक्षाचं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. शिवाय 40,000 रुपये गंभीर आजारावरच्या उपचाराचे आणि 35,000 शैक्षणिक कर्जाच्या व्याजाचे. आजार नाही, कर्ज नाही. हिशेब मात्र चोख होता : माझं करपात्र उत्पन्न 6,60,000, त्यातून 1,65,000 उडवले की उरतात 4,95,000. पाच लाखांच्या आत आलं की जुन्या करपद्धतीत टॅक्स शून्य.

पैशापेक्षा मला त्या देणगीने घाम फोडला. आर्मी रूल्स 1954 प्रमाणे आम्हाला राजकीय संघटनेला वर्गणी देता येत नाही. आणि इथे सरकारी कागदावर माझ्या नावाने नव्वद हजार! सर्व्हिस अजून बाकी आहे माझी.

‘‘पण फौजींना वेगळा कायदा आहे ना?’’ मी विचारलं. आहे, म्हणाल्या. शौर्यपदकाची पेन्शन करमुक्त, लढाईत गेलेल्या जवानाच्या घरच्यांची फॅमिली पेन्शन करमुक्त, आमची ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनही (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतो तो) पूर्ण करमुक्त. त्या वर्षी जुन्या पद्धतीत फील्ड एरिया भत्त्यातले महिना 2,600 पर्यंत सुटत होते. त्यांनी माझा फॉर्म 16 पुढे सरकवला. फील्डची सूट आमचा पगार काढणाऱ्या पीएओ ऑफिसने आधीच देऊन ठेवली होती. उस्तादांना माझ्यासाठी शोधायला काही उरलंच नव्हतं, म्हणून त्यांनी बनवलं.

नोटीस आलेली नव्हती, एवढं नशीब. एकदा आली असती तर चुकवलेल्या टॅक्सच्या दुप्पट दंड होऊ शकला असता. चूक दुरुस्त करून अपडेटेड रिटर्न भरलं : 46,280, त्यावर व्याज आणि उशीर झाला म्हणून या दोन्हींवर 50 टक्के जादा. सत्तर हजारांवर गेलं. गणपतीत सौ.ला बांगड्या करायच्या होत्या, ते राहिलं.

उस्तादांना फोन केला. ‘‘रिफंड खाल्लास तेव्हा गोड लागला ना?’’ म्हणाले आणि ब्लॉक केलं.

ग्रुपवर मी देणगीच्या त्या ओळीचा फोटो टाकला, खाली काहीही न लिहिता. पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. रात्री साडेअकराला जैसलमेरहून फोन आला, मी ज्यांना नंबर दिला होता त्यातलाच एक पोरगा. त्याच्या रिटर्नमध्येही तोच पक्ष होता.