पोलीस दादालोरा खिडकी : गडचिरोलीतील एका सेवेचे परीक्षण

गडचिरोली जिल्ह्याच्या दुर्गम भागातील पोलीस चौकीला सरकारी दफ्तरात ‘पोलीस मदत केंद्र’ म्हणतात. गेल्या काही वर्षांपासून या मदत केंद्रांत आणि उपपोलीस ठाण्यांत ‘पोलीस दादालोरा खिडकी’ नावाची सेवा चालते. ‘दादालोरा’ म्हणजे तिथल्या आदिवासी बोलीत दादांची. जातीचा दाखला, आधार, पॅन, आयुष्मान भारतचे कार्ड, शेतीच्या योजनांचे अर्ज आणि तरुणांसाठी रोजगार मेळाव्यांची नोंदणी अशी कामे या एकाच ठिकाणी होतात आणि त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. एटापल्ली आणि भामरागड तालुक्यांत कामानिमित्त जाणे होत असल्याने मी ही सेवा जवळून पाहिली आहे. ती मनापासून वाखाणावी अशी आहे. तिच्याविषयी काही आक्षेपही आहेत आणि तेही तितक्याच कळकळीने मांडावेसे वाटतात.

प्रथम तिथे काय दिसते ते सांगतो. काटेरी तारेचे कुंपण, वाळूच्या पोत्यांचा मोर्चा, त्यामागे बंदूकधारी जवान आणि या सगळ्याच्या आत संगणक व प्रिंटर असलेली एक लहानशी खोली. मी होतो त्या सकाळी माडिया या आदिवासी जमातीतली एक मध्यमवयीन बाई मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी आली होती. समोरचा शिपाई तिच्याशी माडियात बोलत होता, त्यामुळे अर्जातला प्रत्येक रकाना तिला कळत होता. आधारसाठी यंत्रावर बोट ठेवले तेव्हा मात्र ठसा उमटेना, कारण तेंदूपाने तोडून आणि शेतीची कामे करून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. शिपायाने ओल्या फडक्याने तिची बोटे पुसली, एकेक बोट पुन्हा पुन्हा ठेवून पाहिले आणि चौथ्या बोटाचा ठसा लागला. याच कामासाठी तिला एरवी तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागल्या असत्या. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या खोलीचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बंडखोरीशी लढताना दहशत बसवावी की माणसे जोडावीत, हा वाद जगभर जुनाच आहे आणि माओवादी बंडखोरी पाहिलेल्या गडचिरोलीने त्याच्या दोन्ही बाजू अंगावर झेलल्या आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली या जिल्ह्यातले कितीतरी आदिवासी अटकेत गेले. ज्या घरातला माणूस असा उचलला गेला, ते घर पुढे पोलिसांना काही सांगायला तयार होणे शक्यच नव्हते. दुसरीकडे, नुसत्या सद्‌भावनेने काम भागत नाही हे २००९ साली दिसले. त्या एका वर्षात मरकेगाव येथे १५, हत्तीगोटा येथे १६ आणि लाहेरी येथे १७ पोलीस माओवाद्यांच्या हल्ल्यांत मारले गेले. अशा वर्षानंतर कठोर कारवाईची मागणी करणाऱ्यांना निर्दय ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही कठोरपणा कोणावर आणि कोणाच्या हातून होतो, हा प्रश्न उरतोच. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांचे सी-६० हे माओवादविरोधी पथक उभे राहिले, त्यातले जवान याच जिल्ह्यातले, गावची बोली आणि जंगलाच्या वाटा जाणणारे होते. बंदूकधारी कोण आणि शेतकरी कोण, हे त्यांना ओळखता येत होते, आणि माझ्या मते त्यांचे खरे बळ शस्त्रांपेक्षा या ओळखीत आहे. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडमध्ये २००५ पासून सलवा जुडूम या माओवादविरोधी मोहिमेच्या नावाखाली गावकऱ्यांनाच गावकऱ्यांविरुद्ध उभे केले गेले. गावे जाळली गेली, माणसे छावण्यांत आणली गेली, हजारो लोक आंध्रच्या बाजूला पळाले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून हत्यार देणे घटनाबाह्य ठरवले, तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. दादालोरा खिडकी मला मोलाची वाटते ती या पार्श्वभूमीवर. इथे माणसाला त्याच्या गावातून उठवले जात नाही, सरकारच त्याच्या गावाजवळ येऊन बसते.

आता आक्षेप. या सेवेला पैसे पडत नसले तरी तिची किंमत होती आणि ती पोलिसांपेक्षा गावकऱ्याने अधिक मोजली. पोलिसांचा खबऱ्या ठरवून माओवाद्यांनी या जिल्ह्यात अनेक गावकऱ्यांचे मुडदे पाडले आहेत. ठाण्याच्या फाटकातून आत जाताना कोणी पाहिले तर काय होईल, या भीतीपोटी लोक अर्ज न करताच परत जात, आणि त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कुंपणाआत सुरक्षित असलेल्या कोणालाही नाही. म्हणून दाखला देणाऱ्या टेबलावर गावात कोण आले, कोण गेले, याची विचारपूस कधीही होता कामा नये, असा नियम लेखी हवा आणि तो खिडकीवर माडिया-गोंडीत लावलेला हवा. मदत आणि माहिती यांची गल्लत झाली की लोकांच्या लेखी दोन्ही संशयास्पद ठरतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खिडकीवर कमावलेला विश्वास डोंगरावर गमावता येतो. डोंगरांतल्या लोहखनिजाच्या खाणींविरोधात तोडगट्टा येथे अनेक महिने चाललेले आंदोलन नोव्हेंबर २०२३ मध्ये पोलिसांनी उठवले आणि त्याच महिन्यात जवळच वांगेतुरीला एका दिवसात पोलीस मदत केंद्र उभे राहिले. केंद्राची गरज मी नाकारत नाही. परंतु ज्या ग्रामसभेला आपल्या जंगलाविषयी बोलायचे होते तिचे ऐकून न घेता तिला आयुष्मान कार्ड देऊ केले, तर ते कार्ड तिला भरपाईसारखे वाटेल. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावरचे गावाचे हक्क, मिळाले आणि तिथला बांबू गाव स्वतः विकू लागले. माणसे जोडण्याचे ते मला दाखल्यांपेक्षा पक्के काम वाटते, कारण तिथे निर्णय गावाच्या हाती गेला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. जी भीती या खिडकीच्या आड येत होती ती आता ओसरते आहे, त्यामुळे सेवेत बदल करण्याची वेळही हीच आहे. शिपायांनी हे काम निष्ठेने केले, पण जातीचा दाखला देणे हे मुळात महसूल खात्याचे काम आहे. संगणक, प्रिंटर आणि माडिया बोलणारा माणूस तसाच ठेवून ही खोली कुंपणाच्या बाहेर, आठवडी बाजाराच्या जागेजवळ आणावी आणि तिथे तहसीलचा एक कर्मचारी कायम बसवावा. तोवर ज्यांना जायचे आहे त्यांनी रेशनकार्ड आणि वडिलांचा किंवा आजोबांचा एखादा जुना कागद सोबत न्यावा, शक्यतो सकाळीच जावे, आणि बोटाचा ठसा उमटला नाही तर निराश होऊन परतू नये, दहाही बोटे ठेवून पाहावीत.