'ह्यूमनाइझ' म्हणजे 'माणसाळवणे'? या डिक्शनरी ॲपला पाचपैकी अडीच स्टार

आठ महिने हे इंग्रजी-मराठी डिक्शनरी ॲप रोज वापरतोय. नाव लिहीत नाही, कारण हीच चूक मला अजून दोन ॲपमध्ये दिसली, बहुतेक सगळ्यांनी एकाच जुन्या यादीवरून उचललंय. रिव्ह्यू एकाच शब्दावर लिहितोय पण त्या एका शब्दात ॲपचं चांगलं-वाईट सगळं दिसतं.

झालं असं की भाषांतराच्या कामात तुरुंगांवरचा एक लेख आला, त्यात वाक्य होतं की तुरुंग ह्यूमनाइझ (humanize) करायला हवेत. ॲपमध्ये टाकलं तर पहिला अर्थ 'माणसाळवणे', दुसरा 'मानवीकरण करणे', संपलं. एक उदाहरण नाही, कशाबद्दल वापरतात ते नाही. आता माणसाळणं म्हणजे काय हे कुठल्याही मराठी माणसाला माहीत आहे, बुजरं मांजर हळूहळू जवळ येतं, हातातलं खायला लागतं, मग आपण म्हणतो माणसाळलं बुवा. तुरुंग कसा माणसाळेल? बरं हे वाक्य निदान वाचताच खटकतं तरी. पुढचं वाक्य होतं की या मुलाखतींनी कैद्यांना ह्यूमनाइझ केलं, म्हणजे वाचणाऱ्याला कैदी नंबर न वाटता आईबाप, भीती, पश्चात्ताप असलेली माणसं वाटायला लागली. तिथे ॲपचा अर्थ ठेवला तर होतं 'कैद्यांना माणसाळवलं', म्हणजे ते आधी जनावरं होते आणि कुणीतरी त्यांना वठणीवर आणलं! अर्थ नुसता चुकत नाही, पार उलटा होतो, जो लेख माणसाला माणूस म्हणून बघा सांगतोय त्याच्याच तोंडी डीह्यूमनाइझ करणारी, म्हणजे माणूसपणच काढून घेणारी भाषा जाते. याचा मला खरंच राग आला, कारण घाईत असलेला माणूस पहिला अर्थ उचलतो आणि पुढे जातो.

ॲपच्या बाजूने एवढं म्हणता येईल की इंग्रजीत या क्रियापदाचा 'सुसंस्कृत करणे, मवाळ करणे' असाही जुना वापर आहे, तिथून कुणीतरी माणसाळवणेपर्यंत पोचलं असावं. पण आज सहसा कोणी तो अर्थ मनात धरून हा शब्द लिहीत नाही.

मुळात गोंधळ कुठून येतो ते बघा. लॅटिनमधल्या हुमानुस या शब्दातच दोन्ही अर्थ होते, माणसाचा तो आणि दयाळू तो. इंग्रजीतही ह्यूमन (माणसाचा) आणि ह्यूमेन (दयाळू) हे आधी एकाच शब्दाचे दोन स्पेलिंग होते, 18व्या शतकात कुठे त्यांच्या वाटा नीट वेगळ्या झाल्या. ह्यूमनाइझ हे क्रियापद त्याआधीच, 17व्या शतकाच्या सुरुवातीला, फ्रेंचवरून आलेलं, म्हणून त्याच्या पोटात दोन्ही अर्थ राहिले. आपल्याकडे मात्र 'मानवी' वेगळं आणि 'माणुसकी' वेगळी, त्यामुळे मराठीत एकच शब्द ठेवून भागतच नाही, कर्म काय आहे ते बघून ठरवावं लागतं. तुरुंग, कायदा, हॉस्पिटल असेल तर 'माणुसकी आणणे'. व्यक्ती असेल तर 'माणूस म्हणून समोर आणणे'. ऑफिस किंवा मशीनची रचना असेल तर 'माणसाला सोयीचं करणे'. कुत्र्या-मांजराला माणसासारखं समजणं असेल तर 'माणसाचे गुण चिकटवणे', कवितेत निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की त्याला शाळेत चेतनगुणोक्ती अलंकार शिकवतात तो याचाच शेजारी. आणि 'मानवीकरण' कुठे शोभतं तर लॅबमध्ये.

तो लॅबचा अर्थ तर ॲपमध्ये नाहीच, आणि हेल्थचं भाषांतर करणाऱ्याला तो रोज लागतो. उंदराच्या पेशींपासून बनवलेली अँटीबॉडी (रोगाशी लढणारं प्रथिन) माणसाला दिली की शरीर तिला परकी समजून तिच्याविरुद्धच उठतं, मग शास्त्रज्ञ उंदराचा फक्त लक्ष्याला चिकटणारा भाग ठेवतात आणि बाकी सांगाडा माणसाच्या अँटीबॉडीचा घालतात, हे झालं ह्यूमनाइझ करणं. ब्रिटिश शास्त्रज्ञ ग्रेग विंटर यांच्या टीमने 1986 मध्ये केंब्रिजला हे करून दाखवलं. ब्रेस्ट कॅन्सरवरचं ट्रॅस्टुझुमॅब हे अशाच अँटीबॉडीचं औषध, जे 1998 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्याच्या नावातला 'झु' हीच खूण आहे. इथे दया-माया काही नाही, निव्वळ माणसाशी जुळवणं. म्युझिक सॉफ्टवेअरमध्येही ह्यूमनाइझ नावाचं बटण असतं, ड्रमचे ठोके किंचित मागेपुढे, कमीजास्त जोराचे करतं म्हणजे माणसाने वाजवल्यासारखे वाटतात.

चांगलं काय तर उच्चार. ऑडिओ स्वच्छ आहे, ह्यूमनाइझमध्ये जोर पहिल्या भागावर आणि ह्यूमेनमध्ये दुसऱ्यावर हे नीट ऐकू येतं. नेट नसतानाही चालतं, जाहिराती कमी. पण स्पेलिंगमध्ये झेडऐवजी एस टाकला तर 'शब्द सापडला नाही' येतं, हे चालणार नाही, ब्रिटिश लिखाणात एसवालं सर्रास असतं (ऑक्सफर्डवाले मात्र तिथेही झेडच लिहितात).

अडीच स्टार उच्चार आणि ऑफलाइनसाठी. फीडबॅकमध्ये कर्मानुसार चार अर्थ आणि प्रत्येकाला एक वाक्य लिहून पाठवलंय, 'माणसाळवणे' काढा असंही. अपडेट आलं आणि ते दुरुस्त झालेलं दिसलं तर इथेच येऊन स्टार वाढवीन, तोवर या ॲपमध्ये शब्द ऐका, अर्थ मात्र दुसरीकडे उदाहरणासकट बघा.