सोलर पंप दुरुस्ती, मिरज: आधी मेगर, मग बिल

द्राक्षाच्या ऐन ऑक्टोबर छाटणीत पाच एचपीचा सोलर पंप बंद पडला. पंपवाल्या कंपनीने फोनवरच निदान केलं, कंट्रोलर बदला! मिरजेच्या या मिस्त्रींनी तासगावला बागेत येऊन आधी केबलला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला. दोष विहिरीतल्या जॉइंटमध्ये, पाणी शिरलेलं. जॉइंट नवा केला, पैसे तेवढ्याचेच घेतले, वर इन्सुलेशनचं रीडिंग बिलामागे लिहून दिलं.

ही शिस्त परळीच्या कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्रातली. तिथे ते कंत्राटी इलेक्ट्रिशियन होते. २०१५ साली पाण्याअभावी केंद्र बंद पडलं. कायम कामगाराची बदली तरी होते, कंत्राटी माणसाने गेटपास जमा करायचा आणि घरी जायचं. जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून २०३८ पर्यंत कोळशाची वीज बंद करायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या कोळसापट्ट्यांना सावरायला ४० अब्ज युरोपर्यंत तरतूद केली. आमच्या मिस्त्रींनी दुकानासाठी मेव्हण्याकडून उसने घेतले. असो.

दुपारी फोन उचलत नाहीत. ड्राइव्हचे, म्हणजे मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरचे, सुटे भाग पुण्याहून येतात, त्यात आठवडा जातो. ड्रीपसाठी मात्र दुसरा माणूस बघा. चार स्टार.