एका टिंबाचे १३,९५० पौंड

३२ वर्षं बँकेत काढली, त्यातली १९ कॅश काउंटरवर. खोटी नोट मला बघावी लागायची नाही, बोटांना कळायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही जे म्हणणार आहात ते घरात आणि जुन्या शाखेत म्हणून झालेलं आहे.

इजिप्तमधल्या उंटवाल्यांचं मी नव्याने सांगायला नको. बसायचे पैसे वेगळे, उतरायचे वेगळे. अत्तराची दुकानं, ‘आज बहिणीचं लग्न आहे, चहा तरी घ्या’वाले, सगळं वाचून गेलो होतो. पहिल्याच दिवशी टॅक्सीवाल्याने सुटे देताना ५० इजिप्शियन पौंडांच्या जागी ५० पियास्त्रेची नोट सरकवली, म्हणजे अर्धा पौंड. रंगरूप सारखं, अंधारात हमखास खपते. मी जागच्या जागी पकडली. त्याने हसत बदलून दिली. रात्री जेवताना हिला ती गोष्ट मी तीनदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. कैरोच्या तहरीर चौकातलं जुनं गुलाबी म्युझियम बघायचं होतं, १९०२ सालचं. फाटकाच्या थोडं अलीकडे एक पन्नाशीचा माणूस आडवा आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ तिकडे हे सगळेच म्हणतात, त्यावरून काही ठरवता येत नाही. म्हणाला, आज जुम्मा, दीडपर्यंत फक्त ग्रुपवाल्यांना सोडतात. आणि तसंही आत आता काय उरलंय? ममी फुस्तातला (म्हणजे जुन्या कैरोत) गेल्या, तुतनखामुन राजा गिझाला गेला.

आता यातली ममींची आणि तुतनखामुनची गोष्ट खरी आहे. २२ राजे-राण्यांच्या ममी एप्रिल २०२१ मध्ये वाजतगाजत फुस्तातच्या म्युझियममध्ये नेल्या. तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा पिरॅमिडजवळच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये रीतसर उघडलं. आम्ही गेलो त्यानंतर दोनच महिन्यांनी. हे सगळं मला पाठ होतं, म्हणून जुम्म्याचंही मी खरं धरलं. फाटक उघडं होतं हो! साठ-सत्तर पावलांवर होतं. लोक आत जाताना दिसत होते, ते मला ‘ग्रुपवाले’ दिसले.

तोवर ‘सरकारी पपायरस इन्स्टिट्यूट’ बघून या म्हणाला, फुकट आहे. सरकारी वगैरे काही नसतं, दुकान असतं.

पण पपायरस, म्हणजे झाडापासूनचा जुना इजिप्शियन कागद, करायचं प्रात्यक्षिक चांगलं दाखवलं, खोटं कशाला बोलू? पपायरसचा दांडा तिकोनी असतो. वरची हिरवी साल सोलून आतला पांढरा गर पातळ पट्ट्यांत कापला, लाटण्याने पाणी काढलं, उभ्या-आडव्या पट्ट्या एकमेकींवर मांडून दाबात ठेवल्या. आधी करून ठेवलेला एक तुकडा पाण्यात बुडवून पिळूनही दाखवला, फाटला नाही. तो तुकडा खरा होता. आम्हाला गुंडाळीत घालून दिले ते बहुधा केळीच्या पानाचे. घरी आल्यावर उलगडताना एकाला कडेकडेने तडे गेले. विकत घ्यायचाच असेल तर जो हातात धरून उजेडात बघितलात, उभ्या-आडव्या पट्ट्यांची जाळी दिसली, तोच गुंडाळायला लावा. नजरेआड पॅकिंग नको.

पपायरसवरची दोन चित्रं ७५० प्रमाणे, वर आमची नावं चित्रलिपीत लिहायचे ५०. एकूण १,५५० पौंड. पौंडाचा भाव तेव्हा साधारण १ रुपया ९० पैसे. मी खूश, कारण त्याने सुरुवात ४,००० पासून केली होती.

आता नीट वाचा. तिकडे आकडे अरबी लिपीत असतात. त्यांचा पाच म्हणजे थेट आपलं शून्य, वाटोळं. आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. दुकानदाराने कागदावर १,५५० लिहून ही गंमत मला स्वतः समजावून सांगितली. एक उभी रेघ, दोन वाटोळी, एक टिंब. ‘युवर झीरो, माय फाइव्ह!’ आम्ही दोघं हसलो. मी हिला म्हणालो, बघ, प्रवासात असं शिकायला मिळतं.

मग कार्डाचं मशीन पुढे आलं. एक रेघ, दोन वाटोळी, दोन टिंबं.

मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं नाही. हिने तर विचारलंसुद्धा, ‘अहो, एक टिंब जास्त नाही का?’ आणि मी, १९ वर्षं आकडे आणि नोटा ताडून पाहिलेला माणूस, म्हणालो, ‘दशांशचिन्ह असेल.’ पुढे दोन शून्यं नसताना दशांशचिन्ह कशाला असेल, हे विचारायची बुद्धी झाली नाही. पिन टाकला. १५,५०० पौंड.

कार्ड कशाला दिलंस, असं भाऊ म्हणाला. अरे, आदल्याच दिवशी गिझाच्या तिकीटखिडकीवर माणशी ७०० पौंड कार्डानेच द्यावे लागले होते, रोख घेतच नव्हते. जिथे सरकारच कार्ड मागतं तिथे दुकानदाराने मागितलं तर संशय कशाचा घ्यायचा? भारतातलं सिम मी काढून ठेवलं होतं, रोमिंगचे पैसे वाचवायला, म्हणून बँकेचा एसएमएस नाही. (जुनं सिम फोनमध्येच ठेवा. नुसता एसएमएस येण्यापुरतं.) रात्री हॉटेलच्या वायफायवर बँकेचं ॲप उघडलं तेव्हा कळलं. पुढे बिलात मार्कअप (परकी चलनाचं बँकेचं शुल्क) आणि त्यावरचा जीएसटी धरून ३०,६६६ रुपये २९ पैसे लागले.

सकाळी दुकानात गेलो. कालचा माणूस नाही, मालक अलेक्झांड्रियाला. पर्यटकांसाठीच्या पोलीस चौकीत दोन तास दहा मिनिटं बसलो. चहा दिला, गोड. मारलं का? नाही. काही चोरलं का? नाही. पिन कोणी टाकला? मी. मग पोलीस हसला. तक्रार अरबीत लिहून आणा म्हणाला. हॉटेलच्या पोराकडून लिहून आणली, १०० पौंड दिले, तर तोवर त्याची ड्यूटी संपलेली. नवा म्हणाला, ते दुकान आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडच्या चौकीत जा. पलीकडच्या चौकीत म्हणाले, पर्यटक ना, मग इकडे का आलात? शेवटी मी विचारलं, निदान तक्रार पोहोचल्याचा शिक्का तरी द्या. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे, साहेब रविवारी.

माझी बँक त्याहून थोर. (नाव लिहीत नाही.) परदेशातून कस्टमर केअरला फोन, २३ मिनिटं संगीत, मग ‘कार्ड ब्लॉक करू का सर?’ कार्ड चोरीला गेलेलं नाही बाई, रक्कम दसपट गेलीय! फॉर्म भरा. भरला, पावतीचा फोटो जोडला. पावतीवरचा आकडाही अरबीच. २७ दिवसांनी उत्तर आलं: व्यवहार चिप आणि पिन वापरून झाला असल्याने तो ग्राहकाच्या संमतीने झाला आहे, तक्रार बंद. तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी त्यांना लिहून पाठवला. तो अनधिकृत व्यवहारांना लागतो, तुमचा अधिकृत आहे, असं एका ओळीत उत्तर. मी मान्य केले १,५५०. उरलेले १३,९५० कोणी अधिकृत केले? प्रवास विमावाल्यांकडे सामान हरवल्याचा रकाना आहे, फसल्याचा नाही.

मग आमच्याच जुन्या शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी माझ्या हाताखाली तयार झालेली. फाइल बघून खाली मान घालून म्हणाली, ‘सर, पिन तर तुम्हीच टाकलात ना?’ अशा तक्रारींना पहिला प्रश्न हाच विचारायचा, हे तिला मीच शिकवलं होतं.

अजून काही. कुठल्याही मशीनवर आकडे अरबीत दिसले तर स्क्रीन इंग्रजीत करायला सांगा, नाही म्हणाला तर उठा. परदेशी व्यवहाराची मर्यादा ॲपमधून रोजच्या खर्चापुरती ठेवा. माझी २ लाख होती. अरबी आकडे निघण्यापूर्वी पाठ करा, दहाच आहेत. आणि म्युझियम बंद आहे हे फाटकावरच्या माणसानेच सांगितलं तर ऐका.

रविवारी, निघायच्या दिवशी, त्या म्युझियममध्ये गेलो. तोच माणूस तिथेच उभा. आम्हाला ओळखलं नाही. ‘इंडिया? अमिताभ बच्चन! टुडे क्लोज्ड, सर.’ ही त्याला मराठीत जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. आत एका कपाटात खुफू राजाचा हस्तिदंती पुतळा आहे, साडेसात सेंटीमीटरचा. एवढा प्रचंड पिरॅमिड बांधणाऱ्याचा हाच काय तो अख्खा पुतळा सापडला. तो बघायला मी वाकलो तर ही मागून म्हणाली, ‘नीट बघा, बाजूला टिंब आहे का.’

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार केली आहे. आज अठरावा दिवस.